सागरमाथा राष्ट्रीय उद्यान : हिमनद्या, वितळजल व हिमानी सरोवरे यांचे नकाशालेखन

पूर्व नेपाळमधील सोलुखुंबू जिल्ह्यात असलेल्या सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रातील हिमनद्या, त्यांचे वितळजल आणि त्यातून तयार झालेली सरोवरे यांच्या मोजमापाचा व नकाशालेखनाचा इतिहास. जगातील सर्वोच्च शिखराच्या पायथ्याशी असल्यामुळे या प्रदेशाचे सर्वेक्षण हिमालयाच्या इतर अनेक भागांपेक्षा लवकर व अधिक बारकाईने झाले. मात्र या सर्वेक्षणाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम शिखरांची उंची मोजली गेली, त्यानंतर बर्फाची व्याप्ती, मग बर्फाची जाडी आणि सर्वांत शेवटी पाणी. ज्या पाण्यावर या खोऱ्यांतील वस्ती अवलंबून आहे व ज्याच्यापासून तिला धोकाही आहे, त्याकडे नकाशाकारांचे लक्ष पुरांनंतरच वळले.

क्षेत्र व भूवर्णन : उद्यानाची स्थापना १९७६ मध्ये झाली. त्याचे क्षेत्रफळ १,१४८ चौ. किमी. असून १९७९ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचा समावेश करण्यात आला. ‘सागरमाथा’ हे मौंट एव्हरेस्टचे नेपाळी नाव इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी पुढे आणले. उद्यानाची दक्षिण सीमा समुद्रसपाटीपासून (सस.) सु. २,८५० मी. उंचीवर आहे, तर उत्तर सीमेवर ८,८४८ मी. उंचीचे सागरमाथा शिखर आहे. एवढ्या थोड्या अंतरात सहा हजार मीटरांचा चढ जगात फार थोड्या ठिकाणी आढळतो. भोटे कोशी, दूध कोशी, लोबुचे खोला व इम्जा खोला या प्रवाहांच्या खोऱ्यांत उद्यान विभागले असून हे सर्व प्रवाह दूध कोशीला मिळतात. पुढे हे पाणी कोशी नदीतून बिहारमध्ये व अखेर गंगेत जाते. न्गोझुंपा, खुंबू, ल्होत्से, इम्जा व नांगपा या येथील प्रमुख हिमनद्या होत. त्यांपैकी न्गोझुंपा ही नेपाळमधील सर्वांत लांब हिमनदी आहे. बहुतेक मोठ्या हिमनद्यांच्या खालच्या भागावर दगडगोट्यांचा व मातीचा जाड थर असतो. त्यामुळे बर्फ कोठे संपतो व मोकळी जमीन कोठे सुरू होते, हे जवळून पाहूनही सांगणे अवघड जाते. नकाशालेखनातील अनेक अडचणींचे मूळ या थरात आहे.

प्रारंभीचे सर्वेक्षण : एकोणिसाव्या शतकात नेपाळमध्ये परकीय सर्वेक्षकांना प्रवेश नव्हता. त्यामुळे भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने तराईच्या मैदानातील स्थानकांवरून शिखरांचे कोन मोजले. १८४९-५० मधील या निरीक्षणांवरून पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची काढण्यात आली. या गणिताशी राधानाथ सिकदार यांचे नाव जोडले जाते. १८५६ मध्ये महासर्वेक्षक अँड्र्यू वॉ यांनी ही उंची २९,००२ फूट (८,८४० मी.) असल्याचे जाहीर केले. दोनशे किमी.च्या आसपासच्या अंतरावरून केलेल्या या मापनात शिखराचे टोक अचूक पकडले गेले. पण त्याच्या कुशीतील दऱ्या, हिमनद्या व जलाशय सर्वेक्षकांच्या दृष्टीच्या आडच राहिले. भारतीय सर्वेक्षण खात्याने १९२४ ते १९२७ या काळात नेपाळचे प्रथमच देशव्यापी सर्वेक्षण केले. एका इंचास चार मैल या प्रमाणावरील त्या नकाशांत उंच प्रदेशातील हिमनद्यांचा तपशील फारच त्रोटक होता.

तत्पूर्वी १९२१ मध्ये ब्रिटिशांची पहिली पाहणी मोहीम तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टजवळ पोहोचली होती. तिच्यातील हेन्री मॉर्सहेड व एडवर्ड ऑलिव्हर व्हीलर यांनी उत्तरेकडील प्रदेशाचे नकाशे तयार केले. व्हीलर यांनी कॅनडातील पर्वतराजीत वापरलेली छायाचित्र-सर्वेक्षणाची पद्धत येथे आणली. जॉर्ज मॅलरी यांनी सीमेवरील एका खिंडीतून खुंबू हिमनदीचा वरचा भाग पाहिला व त्यास ‘वेस्टर्न कूम’ हे नाव दिले. ‘कूम’ हा दरीवाचक शब्द वेल्श भाषेतील आहे. खाली खुंबू खोऱ्यात राहणाऱ्या शेर्पांच्या भाषेत तेथील शिखरे, कुरणे व सरोवरे यांची नावे तेव्हाही प्रचलित होती. ‘त्शो’ म्हणजे सरोवर, ‘नुप’ म्हणजे पश्चिम व ‘शार’ म्हणजे पूर्व. इम्जा त्शो, ल्होत्से नुप, ल्होत्से शार ही आजच्या नकाशांवरील नावे याच भाषेतील आहेत.

छायाचित्रमितीय नकाशे : १९४९ नंतर नेपाळने परदेशी मोहिमांना प्रवेश देण्यास सुरुवात केली. १९५१ ची एरिक शिप्टन यांची पाहणी मोहीम व १९५२ च्या स्विस मोहिमा यांमुळे दक्षिणेकडील मार्ग माहीत झाला. १९५३ मधील यशस्वी आरोहणानंतर शास्त्रीय कार्यास वाव मिळाला. १९५५ च्या आंतरराष्ट्रीय हिमालय मोहिमेत ऑस्ट्रियन नकाशाकार व गिर्यारोहक एर्व्हीन श्नायडर सहभागी होते. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी पेरू देशातील कोर्दिलेरा ब्लांका या हिमाच्छादित पर्वतश्रेणीच्या नकाशालेखनात भाग घेतला होता. जमिनीवरील उंच स्थानकांवरून घेतलेल्या छायाचित्रांच्या जोड्यांपासून उंची व अंतर काढण्याची भू-छायाचित्रमितीची पद्धत त्यांनी खुंबूमध्ये वापरली. त्यावरून तयार झालेला १ : २५,००० प्रमाणाचा ‘महालंगूर हिमाल’ नकाशा १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० नंतरच्या दशकात त्यांच्या सर्वेक्षणावर आधारलेली १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांची मालिका निघू लागली.

हे नकाशे गिर्यारोहकांच्या दृष्टीने उपयुक्त होतेच; परंतु त्यांचे शास्त्रीय महत्त्व नंतरच्या काळात वाढत गेले. कोणत्याही हिमनदीतील बदल मोजावयाचा असल्यास तिच्या पूर्वस्थितीची विश्वसनीय नोंद लागते. खुंबूसाठी ती नोंद श्नायडर यांच्या नकाशांनी उपलब्ध करून दिली. १९५६ च्या स्विस मोहिमेतील हिमनदीतज्ञ फ्रिट्झ म्यूलर यांनी मोहीम संपल्यावरही या प्रदेशात राहून हिमनद्यांचा अभ्यास केला व त्यांची छायाचित्रे घेतली. या दोघांच्या छायाचित्रांतील जागा शोधून अमेरिकन भूगोलज्ञ ऑल्टन बायर्स यांनी २००७ मध्ये त्याच ठिकाणांहून पुन्हा छायाचित्रे घेतली. सु. पन्नास वर्षांच्या अंतराने घेतलेल्या या जोड्यांत उंचावरील लहान, स्वच्छ बर्फाच्या हिमनद्या आक्रसल्याचे व काही ठिकाणी बर्फाच्या जागी पाणी आल्याचे स्पष्ट दिसते.

ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांच्या मार्गदर्शनाखाली १९८४ मध्ये या प्रदेशाची पद्धतशीर विमान-छायाचित्रे घेण्यात आली. त्यांवर आधारलेला १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा १९८८ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने प्रसिद्ध केला. नेपाळच्या सर्वेक्षण विभागाने फिनलंडच्या सहकार्याने १९९२ च्या विमान-छायाचित्रांवरून पूर्व नेपाळचे नवे अधिकृत नकाशे तयार केले.

वितळजलाचा अभ्यास : केइजी हिगुची यांच्या नेतृत्वाखालील जपानी हिमनदी-अभ्यास मोहिमेने १९७३ पासून दूध कोशी खोऱ्यात दीर्घकाळ निरीक्षणे केली. हिमनद्यांची सूची, हवामानाच्या नोंदी व बर्फाच्या वितळण्याचे प्रत्यक्ष मापन हे तिचे मुख्य कार्य. या अभ्यासातून येथील हिमनद्यांचे एक महत्त्वाचे वैशिष्ट्य पुढे आले. आल्प्समध्ये हिवाळ्यात हिम साचते व उन्हाळ्यात ते वितळते. खुंबूमध्ये मात्र वर्षातील बहुतेक वृष्टी जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत होत असल्यामुळे हिमाचे संचयन व वितळण एकाच ऋतूत घडते. तापमान थोडे वाढले, तरी वृष्टीचा काही भाग हिमाऐवजी पावसाच्या रूपात पडतो. त्यामुळे संचयन घटते. शिवाय ताज्या हिमाचे प्रकाश परावर्तित करणारे आवरण नाहीसे झाल्याने वितळणही वाढते. या दुहेरी परिणामामुळे मोसमी प्रदेशातील हिमनद्या तापमानवाढीस विशेष संवेदनशील ठरतात.

वितळजल नकाशावर दाखविणे बर्फ दाखविण्याहून कठीण आहे. दगडगोट्यांचा पातळ थर सूर्याची उष्णता शोषून खालच्या बर्फाचे वितळण वाढवितो, तर जाड थर उष्णतेस अडथळा करून ते मंदावतो. थराची जाडी जागोजाग बदलत असल्याने हिमनदीचा पृष्ठभाग उंचसखल होतो व खळग्यांत तळी साचतात. या तळ्यांचे पाणी बर्फातील भेगा व बोगद्यांमधून वाहते. एखादे तळे काही दिवसांत नाहीसे होते व दुसरीकडे नवे तयार होते. त्यामुळे अशा हिमनदीवरील तळ्यांचा नकाशा म्हणजे एका विशिष्ट दिवसाची स्थिती होय. लोबुचेजवळ सस. सु. ५,०५० मी. उंचीवर १९९० मध्ये इटलीच्या सहकार्याने उभारण्यात आलेल्या ‘पिरॅमिड’ प्रयोगशाळेमुळे अशा बदलत्या स्थितीचे सलग निरीक्षण करण्याची सोय झाली.

सरोवरे फुटून आलेले पूर : हिमनदी मागे हटताना तिने पुढे लोटलेल्या दगडमातीचा बांध, म्हणजे अंत्य हिमोढ, मागे राहतो व त्यामागे वितळजल साचते. असा बांध सैल दगडमातीचा असतो. काही ठिकाणी त्याच्या पोटात जुना बर्फही असतो. सरोवरात बर्फाचा वा खडकाचा कडा कोसळला, की उसळणारी लाट बांधावरून जाते व बांध कापला जाऊन सरोवर रिकामे होते. सप्टेंबर १९७७ मध्ये आमा दाब्लाम शिखराच्या दक्षिणेकडील नारे हिमनदीजवळ अशी घटना घडून दूध कोशीला पूर आला. तथापि त्या वेळी तिची दखल मर्यादित वर्तुळातच घेतली गेली.

४ ऑगस्ट १९८५ रोजी उद्यानाच्या पश्चिम भागातील दिग त्शो हे सरोवर फुटले. लांगमोचे हिमनदीवरून बर्फाचा कडा सरोवरात कोसळल्याने हिमोढाचा बांध वाहून गेला. काही तासांतच पाण्याचा व दगडमातीचा लोंढा भोटे कोशी व दूध कोशी यांच्या खोऱ्यांतून सु. ४० किमी.पेक्षा अधिक अंतर खाली गेला. पूर्ण होत आलेला नामचे लघुजलविद्युत् प्रकल्प, १४ पूल, सु. ३० घरे व नदीकाठची शेतजमीन यांचा नाश झाला व काही लोक मृत्युमुखी पडले. प्रकल्पाची जागा निवडताना नदीचा प्रवाह व उतार विचारात घेतला होता; वरच्या बाजूस असलेल्या सरोवराचा बांध किती मजबूत आहे, हा प्रश्न मात्र त्या विचारात नव्हता. सरोवराचे अस्तित्व माहीत असणे व त्याचा धोका माहीत असणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे या पुराने दाखवून दिले. काठमांडू येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतविकास केंद्राने (इसिमोड) व नेपाळच्या जल व ऊर्जा आयोगाच्या सचिवालयाने त्यानंतर हिमानी सरोवरांच्या पद्धतशीर अभ्यासास चालना दिली.

इम्जा त्शो : दिग त्शोनंतर सर्वाधिक अभ्यास झालेले सरोवर म्हणजे सस. सु. ५,०१० मी. उंचीवरील इम्जा त्शो. १९५० नंतरच्या दशकातील छायाचित्रांत त्याच्या जागी इम्जा हिमनदीच्या पृष्ठावरील काही लहान तळी तेवढी दिसतात. ही तळी एकमेकांस मिळून सरोवर तयार झाले. १९९२ मध्ये त्याचे क्षेत्रफळ सु. ०·६ चौ. किमी. झाले होते, तर २०१२ मध्ये ते सु. १·३ चौ. किमी. भरले. क्षेत्रफळ छायाचित्रावरून कळते. पाण्याचे आकारमान कळण्यासाठी मात्र सरोवराचा तळ मोजावा लागतो. १९९२ च्या मापनात पाणी २·८ कोटी घ. मी. व २००२ मध्ये ते ३·५८ कोटी घ. मी. आढळले. २०१२ मध्ये नावेतून ध्वनिलहरींच्या साहाय्याने केलेल्या मापनात महत्तम खोली सु. ११६ मी. व आकारमान सु. ६·१७ कोटी घ. मी. भरले, म्हणजे वीस वर्षांत पाणी दुपटीहून अधिक झाले.

हे सरोवर कितपत धोकादायक आहे, यावर तज्ञांत दीर्घकाळ मतभेद राहिले. सरोवराचा विस्तार मुख्यतः हिमनदीच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूस होत असून बांधाची बाजू रुंद व तुलनेने स्थिर आहे, असे एका गटाचे मत होते. बांधातील बर्फ वितळून तो खचत असल्यामुळे धोका वाढत आहे, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे होते. या वादाची झळ खालच्या बाजूच्या छुकुंग व दिंगबोचे येथील रहिवाशांना बसली. मापन करणारी पथके वारंवार येत. त्यांचे निष्कर्ष परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध होत. परंतु आपल्या घरांना धोका आहे की नाही, हे गावकऱ्यांना स्पष्टपणे कळत नसे. अखेर २०१६ मध्ये नेपाळ शासनाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने व नेपाळी सेनेच्या श्रमाने सरोवरास नियंत्रित सांडवा काढून पाण्याची पातळी सु. ३·४ मी.ने खाली आणली आणि खालच्या वस्त्यांसाठी पूर्वसूचना यंत्रणा बसविली.

उपग्रहीय मापन : १९७२ पासून लँडसॅट उपग्रहांची चित्रे उपलब्ध होऊ लागली, तरी प्रारंभीच्या चित्रांत लहान सरोवरे ओळखू येत नसत. १९९५ मध्ये अमेरिकेने कोरोना या हेरगिरी उपग्रहांची १९६० नंतरची छायाचित्रे खुली केल्यामुळे संशोधकांना जुन्या काळातील बारीक तपशील मिळाला. लष्करी हेतूने घेतलेली ही छायाचित्रे श्नायडर यांच्या नकाशांच्या बरोबरीने हिमनद्यांच्या इतिहासाचे साधन ठरली. त्यांवर आधारलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सागरमाथा प्रदेशातील हिमनद्यांचे क्षेत्र १९६२ ते २०११ या काळात सु. ४०४ चौ. किमी. वरून ३५१ चौ. किमी. पर्यंत, म्हणजे सु. १३ टक्क्यांनी घटले.

केवळ क्षेत्रफळावरून बर्फाच्या ऱ्हासाची पूर्ण कल्पना येत नाही. दगडगोट्यांनी आच्छादलेल्या हिमनदीचे टोक अनेक दशके एकाच ठिकाणी राहते, परंतु तिचा पृष्ठभाग खचत जातो. नकाशावर अशी हिमनदी स्थिर भासते. वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह-चित्रांच्या जोड्यांपासून भूपृष्ठाची प्रतिमाने तयार करून ती एकमेकांशी ताडून पाहिल्यावर हा भ्रम दूर झाला. एव्हरेस्टभोवतालच्या दहा हिमनद्यांच्या अशा अभ्यासात १९७० ते २००७ या काळात त्यांची जाडी दरवर्षी सरासरी सु. ०·३ मी. जलतुल्य इतकी घटल्याचे आढळले.

याद्या व त्यांच्या मर्यादा : २००१ मध्ये इसिमोडने प्रसिद्ध केलेल्या सूचीत संपूर्ण नेपाळमध्ये २,३२३ हिमानी सरोवरे नोंदविली होती व त्यांपैकी २० संभाव्य धोकादायक मानली होती. २०११ च्या अहवालात सरोवरांची संख्या १,४६६ दिली असून विशेष लक्ष देण्याजोगी २१ ठरविली होती. या आकड्यांवरून सरोवरे कमी झाली, असा निष्कर्ष काढता येत नाही. आधारभूत नकाशे व चित्रे, मोजण्यायोग्य किमान आकार आणि सरोवराची व्याख्या यांत फरक पडला, की संख्या बदलते. खुद्द उद्यानाच्या क्षेत्रात २००८ च्या सूक्ष्म उपग्रह-चित्रांवरून ६२४ सरोवरे व तळी मोजण्यात आली. त्यांपैकी ४३७ हिमनद्यांच्या पृष्ठावरील, १७ हिमनद्यांच्या टोकाशी असलेली व उरलेली १७० हिमनद्यांशी थेट संबंध नसलेली होती. सर्वाधिक संख्या असलेल्या पहिल्या गटातील तळी सर्वांत अल्पायुषी असतात. २००७ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून घोषित झालेली व यात्रेकरूंना पवित्र असलेली गोक्यो सरोवरे मात्र न्गोझुंपा हिमनदीच्या पार्श्व हिमोढालगत दीर्घकाळ टिकून आहेत.

याद्यांची मर्यादा दोन घटनांनी उघड केली. जून २०१६ मध्ये छुकुंगजवळ ल्होत्से हिमनदीतून अचानक पूर आला. हे पाणी हिमोढाने अडविलेल्या मोठ्या सरोवराचे नव्हते. ते हिमनदीच्या पृष्ठावरील तळी व अंतर्भागातील पोकळ्या यांत साठलेले होते. १६ ऑगस्ट २०२४ रोजी उद्यानाच्या पश्चिम भागातील थामे या गावावर थ्यान्बो परिसरातील लहान हिमानी सरोवराच्या पुराने घाला घातला. अनेक नामवंत शेर्पा गिर्यारोहकांच्या या गावातील घरे, शाळा व आरोग्य केंद्र यांची मोठी हानी झाली. पूर दिवसा आल्याने लोकांना उंचावर जाता आले व जीवितहानी टळली. कोशी, गंडकी व कर्णाली खोऱ्यांतील ३,६२४ सरोवरांची छाननी करून २०२० मध्ये निवडलेल्या ४७ संभाव्य धोकादायक सरोवरांत या सरोवराचा समावेश नव्हता. यादीची कसोटी प्रामुख्याने मोठ्या आकाराची होती. थामेच्या दृष्टीने मात्र लहान सरोवराचे पाणीही गाव उद्ध्वस्त करण्यास पुरेसे होते.

मूल्यमापन : सागरमाथा उद्यानाच्या नकाशालेखनाचा इतिहास हा साधनांच्या प्रगतीचा इतिहास आहे, तसाच तो हेतूंच्या बदलाचाही आहे. नकाशाकार जे शोधण्यास निघाला, ते त्याला सापडले : साम्राज्याच्या सर्वेक्षकास उंची, गिर्यारोहकास मार्ग, हिमनदीतज्ञास बर्फ. प्रत्येक पिढीच्या नकाशातील तपशील पुढील पिढीस अनपेक्षित रीतीने उपयोगी पडला, हे या परंपरेचे श्रेय होय. खोऱ्यात राहणाऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पाणी कोठे साचले आहे, कोणत्या वाटेने येईल व घरापर्यंत पोहोचण्यास त्याला किती वेळ लागेल, हे त्यांना हवे असते. या प्रश्नांची उत्तरे देणारा नकाशा एकदा काढून पुरत नाही. तो दर ऋतूत तपासावा लागतो आणि लहान सरोवरांचीही त्यात नोंद ठेवावी लागते. नदीचा आवाज, पाण्याचा रंग व कुरणांतील ओल यांतील बदल सर्वांत आधी गावकऱ्यांच्या ध्यानात येतात. त्यामुळे उपग्रहांच्या चित्रांना या स्थानिक निरीक्षणांची जोड मिळणे आणि तयार झालेली माहिती त्याच गावांपर्यंत त्यांच्या भाषेत परत पोहोचणे, ही या कार्याची पुढील आवश्यकता आहे.